एन्टरबाई

गठ्ठ्याची सुतळी मीच कापली. छापखान्याचा माणूस गठ्ठा टेबलावर आदळून गेला, अण्णा बाहेर मांडववाल्याशी हुज्जत घालत होते, आणि ब्लेड माझ्याच हातात होतं. वरचं पुस्तक उचललं. पिवळं कव्हर, मधोमध कॉम्प्युटरचं चित्र, वर नाव ‘संगणक पहिल्यापासून’ आणि खाली ठळक अक्षरात ‘लेखक : पराग मोहोळकर’.

म्हटलं, वा! आमच्या सरांनी पुस्तक लिहिलं आणि कुणाला पत्ताच नाही. कौतुकानं पहिलं पान उघडलं.

‘बायांनो, कॉम्प्युटरला घाबरू नका. चुलीएवढे चटके तो काही देत नाही.’

हे वाक्य माझं होतं. मी पान उलटलं. पुढचंही माझं, त्याच्या पुढचंही माझं. चोवीस पानं, शब्द न् शब्द माझा. मेल्यानं ‘बायांनो’सुद्धा बदललं नव्हतं. मी तिथंच खुर्चीवर बसले.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. मी मंदाकिनी ताकभाते, अण्णा कुलथ्यांच्या टायपिंग क्लासात एकवीस वर्षं मराठी टायपिंग शिकवत होते. तालुक्यातल्या कचेऱ्यांमधले निम्मे कारकून माझ्या हाताखालून गेलेले. बोट चुकलं की पट्टी बसायची, म्हणून अजूनही रस्त्यात दिसले की हात मागं घेतात. तर त्या वर्षी अण्णांनी सहा कॉम्प्युटर आणले. आमच्या टायपिंगच्या मशिनी व्हरांड्यात एकावर एक रचल्या, भंगारवाल्याला कॉम्प्युटर क्लासच्या उद्घाटनानंतरच्या शनिवारी यायला सांगितलं, आणि मला म्हणाले, “बाई, तुम्हीपण शिकून घ्या. सरकारी परीक्षा पास झालात तर बायकांची बॅच तुम्हाला देतो. नाहीतर मग बघू.”

अण्णांचं ‘मग बघू’ मी एकवीस वर्षं ऐकत होते. त्याचा अर्थ ‘घरी बसा’.

म्हणून वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पराग सरांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. सर चोविशीतले, पुण्याहून डिप्लोमा करून आलेले. माझ्यासोबत अकरा अंगणवाडी सेविका. त्यांना वरून हुकूम आलेला, कॉम्प्युटर शिका म्हणून. पहिल्याच दिवशी सरांनी एक उतारा टाइप करायला दिला. बाया एकेक अक्षर शोधत बसल्या, माझा उतारा पाच मिनिटांत तयार! सर मागं येऊन उभे राहिले. मला वाटलं, शाबासकी देतायत.

“मॅडम, हे प्रत्येक ओळीला एन्टर कशाला मारलंय?”

“ओळ संपली म्हणून.”

“ओळ संपली की कॉम्प्युटर आपला आपण खाली जातो. परिच्छेद संपला की मारायचं एन्टर. तुम्ही काय घंटीची वाट बघताय का? इथं घंटी वाजत नाही.”

मशिनीवर ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजते, मग डाव्या हातानं दांडी ढकलायची आणि नव्या ओळीवर यायचं. एकवीस वर्षांत ही घंटी मशिनीत कमी आणि माझ्या डोक्यातच जास्त वाजायला लागली होती. कॉम्प्युटरला दांडी नाही, म्हणून माझं बोट आपसूक एन्टरवर जायचं. सरांनी सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं. “बघा, काय होतं ते,” म्हणाले, आणि माझ्या उताऱ्याची अक्षरं मोठी केली. झालं! एक ओळ पूर्ण, तिच्याखाली दोनच शब्दांचं शेपूट, मग पुन्हा पूर्ण ओळ, पुन्हा शेपूट. सगळा उतारा दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसायला लागला. बाया हसल्या. सर त्याहून जोरात हसले.

“काय हो एन्टरबाई!” म्हणाले.

त्या दिवसापासून माझं नावच एन्टरबाई पडलं. हजेरी घेतानाही सर तेच म्हणायचे. मी खूप प्रयत्न केला हो, पण जित्याची खोड! डोकं म्हणायचं थांब, आणि बोट तोवर मारून मोकळं.

हसू दे म्हटलं. पण शिकवणं तरी धड असावं की नाही? सर इंग्रजी व्याख्या सांगायचे आणि बाया त्या देवनागरीत उतरवून घ्यायच्या. एक दिवस दुपारी लाइट गेली. हौसाताई म्हणून एक सेविका होती, खेड्यातली, बोलायला फटकळ. तिनं तासभर खपून पोषण आहाराची यादी टाइप केली होती. लाइट आली तर पडदा कोरा.

“आवं, कुठं गेलं माझं?” हौसाताई रडकुंडीला आली.

“सेव्ह केलं नव्हतं ना? मग रॅममध्ये होतं. रॅम व्होलाटाइल असते,” सर म्हणाले.

“राम? आता रामाचं काय मधीच?”

सरांनी कपाळाला हात लावला आणि चहाला निघून गेले. मी हौसाताईजवळ सरकले. “हे बघ,” म्हटलं, “तू भाकरीला पीठ घेतेस ते आधी परातीत. ती परात म्हणजे रॅम. काम चालतं ते परातीत. पण परातीतलं पीठ काही उद्यापर्यंत राहत नाही, कुणाचा तरी धक्का लागला की भुईला. टिकवायचं तर डब्यात भरून झाकण लावायचं. डबा म्हणजे हार्ड डिस्क. आणि झाकण लावणं म्हणजे सेव्ह.”

हौसाताई माझ्याकडे बघतच राहिली. “मग असं सांगा की! येवढं सोपं हाय व्हय ते?”

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा बाया जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती. हे काय, ते काय. मी सांगत गेले आणि सांगितलेलं चार नंबरच्या कॉम्प्युटरवर टाइप करत गेले. पीठ आत जातं ते इनपुट, थापणं-भाजणं म्हणजे प्रोसेस, ताटात भाकरी पडली ते आउटपुट. तवा, परात, चूल ही सगळी हार्डवेअर, आणि भाकरीची रीत म्हणजे सॉफ्टवेअर. व्हायरस म्हणजे पिठातली अळी, शेजारणीकडून उसनं पीठ आणलं की त्यातून येते, म्हणून दुसऱ्याची फ्लॉपी आधी चाळून घ्या. गल्लीतल्या घरांच्या मधल्या भिंतींना खिडक्या पाडल्या की झालं नेटवर्क, आणि तशा खिडक्या गावोगाव, देशोदेशी पडल्या की इंटरनेट. जागेवरून न उठता निरोप पोचतो. तीन आठवडे मी डबा एका हातानं खाल्ला. एकदा अण्णांना म्हटलं, याच्या प्रती काढून देऊ का बायांना? तर म्हणाले, “बाई, कागद काय झाडाला लागतो?” आणि आता तेच सगळं पिवळ्या कव्हरात, दुसऱ्याच्या नावानं!

मी उठले आणि आधी चार नंबरवर गेले. माझी फाइल नव्हती. त्यातला कचऱ्याचा डबा, रिसायकल बिन म्हणतात तो, उघडून पाहिला. तोही झाडून साफ.

तेवढ्यात अण्णा आत आले, मागं पराग सर नव्या शर्टात.

“सर, हे तुम्ही लिहिलंत?” मी पुस्तक वर धरलं.

सरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, “बाई, आजच्या दिवशी तमाशा नको. उद्घाटनाला विस्तार अधिकारी कीर्तने मॅडम येतायत. पुस्तक चांगलं वाटलं तर सगळ्या तालुक्यातल्या सेविका आपल्याकडे पाठवणार आहेत.”

“येऊ देत की. पण नाव माझं पाहिजे.”

“अहो, तुमची अजून परीक्षा व्हायचीय. नापास बाईच्या नावाचं पुस्तक कोण हातात घेईल?”

“नापास कशावरून? परीक्षाच व्हायचीय ना?”

“तेच ते. सर डिप्लोमावाले आहेत. नाव कुणाचं का असेना, काम क्लासचं.”

“अण्णा, याला आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात.”

अण्णांचा आवाज खाली आला. खाली आला की समजावं, आता चावणार. “बाई, परीक्षेचा फॉर्म माझ्या सहीनं जातो. गप्प राहिलात तर सोमवारपासून बायकांची बॅच तुमची. नाही राहिलात, तर शनिवारी भंगारवाला येतोच आहे. मशिनींबरोबर तुम्हीही मोकळ्या.”

सर म्हणाले, “मॅडम, पुढच्या आवृत्तीत आभार मानू तुमचे.”

आभार! माझ्याच घरात मला पाहुणी म्हणून चहा पाजणार होता हा मुलगा. पण मला खरंच भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू? नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, आणि या टायपिंगशिवाय दुसरं काही मला येत नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन मशिनींजवळ उभी राहिले. सगळ्यात वर माझी तीन नंबरची होती, एकवीस वर्षं माझ्या बोटाखालची. तिच्यावर धूळ बसली होती ती पदरानं पुसली. इतक्यात अकरा बाया फाटकातून आत आल्या.

कार्यक्रम अकराला हॉलमध्ये, कॉम्प्युटरांसमोरच सुरू झाला. नारळ फुटला, हार घातले गेले. कीर्तने मॅडम पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. पुस्तक हातात पडल्यावर इतरांसारखं नुसतं कव्हर बघून त्यांनी खाली ठेवलं नाही, वाचायला लागल्या. मध्येच हसल्या.

“छान लिहिलंय हो. ‘तवा चोरीला गेला तरी रीत चोरीला जात नाही, ती हातात असते.’ पराग, तुम्हाला भाकरी थापता येते वाटतं?”

“म्हणजे... आई करते, मॅडम.”

“आणि पिठाला अळी उसन्या पिठातून लागते, हे कुठं पाहिलंत?”

सर नुसते हसले. अण्णा पुढं सरसावले, “फार निरीक्षण आहे हो त्यांचं!”

मागच्या रांगेत हौसाताईनं मला कोपरानं ढोसलं. “बाई, हे तर तुमचं. आन् तुम्ही गप बसलाय?”

मी गप्प बसले होते खरं. पण ते ‘रीत चोरीला जात नाही’ मॅडमच्या तोंडून ऐकलं आणि माझे कान तापले. मी स्वतःच लिहिलेलं मला स्वतःला खोटं पाडायचं होतं का? गेली नोकरी तर गेली. मी उभी राहिले.

“मॅडम, ते पुस्तक मी लिहिलंय.”

अण्णा हसतच म्हणाले, “ह्या आमच्या टायपिंगच्या बाई. कॉम्प्युटर शिकतायत अजून. जरा मनाला लागलंय त्यांच्या, मशिनी चालल्या म्हणून.”

“बाईंनीच सांगितलंय समदं, आमी ऐकलंय!” हौसाताई ओरडली. बाकीच्या बायाही बोलायला लागल्या.

“सरांनी वर्गात शिकवलं ते यांनी ऐकलं,” अण्णा म्हणाले. “बाया काय, ज्यांच्याशी गूळपीठ त्यांची बाजू घेणार. पुरावा काय? फाइल सरांच्या कॉम्प्युटरवर, सरांच्या नावानं आहे.”

कीर्तने मॅडमनी चष्मा काढून पुसला. “बाई, तुमच्याकडे काही आहे का? हस्तलिखित वगैरे?”

“टायपिस्ट हातानं लिहीत नाही, मॅडम. पण मला सरांना एक विनंती करायचीय. पुस्तकातलं अक्षर फार बारीक आहे. आमच्या निम्म्या बाया चाळिशीच्या चष्म्यावाल्या. सरांनी तीच फाइल उघडून अक्षर मोठं करून दाखवावं. कॉम्प्युटरला किती वेळ लागतो?”

“एक सेकंद,” सर म्हणाले. त्यांना वाटलं, विषय बदलला. बिचारे लगबगीनं कॉम्प्युटरपाशी बसले. मॅडम त्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, आणि अकरा बाया खुर्च्यांवरून माना काढून बघायला लागल्या. सरांनी फाइल उघडली, सगळा मजकूर निवडला, अक्षर मोठं केलं.

एक ओळ पूर्ण, खाली दोन शब्दांचं शेपूट. एक ओळ पूर्ण, खाली शेपूट. चोवीसच्या चोवीस पानं तशीच.

“हे काय झालं?” मॅडमनी विचारलं.

सरांनी पान खाली-वर केलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. न वाचता चोरलं की असं होतं. उघडून दोन ओळी जरी दुरुस्त केल्या असत्या, तरी त्यांच्या लक्षात आलं असतं.

“सर, सांगा ना मॅडमना, असं का होतं ते,” मी म्हटलं. “पहिल्या दिवशी आम्हाला किती छान सांगितलं होतंत.”

मागून हौसाताईनं तोंडावर हात मारला. “अगं बया! ही तर एन्टरबाईची फाइल!”

आणि अकराच्या अकरा बाया एका सुरात ओरडल्या, “एन्टरबाई! एन्टरबाई!” मांडववालापण आत डोकावला.

“एन्टरबाई म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे मी. सरांनीच ठेवलंय नाव. मी मशिनीवर शिकले, मॅडम. ओळ संपली की माझं बोट एन्टरवर जातं, जाऊ नये तरी जातं. कॉम्प्युटरवर शिकलेला माणूस असं कधी करत नाही. सर तर मुळीच नाही, त्यांना हसू येतं त्याचं. हाताच्या काकणाला आरसा कशाला? मोजून घ्या, चोवीस पानांत प्रत्येक ओळीला एक एन्टर आहे.”

कीर्तने मॅडमनी सरांकडे पाहिलं. “पराग, हे तुम्ही टाइप केलंत?”

सर खाली बघून म्हणाले, “नाही, मॅडम.” एवढं मात्र खरं बोलले.

अण्णा लगेच वळले. अण्णांना वळायला कधी जागा लागली नाही. “छापखान्याची चूक झाली असणार हो, नावाची अदलाबदल झाली. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून टाकू! बाई, बसा तुम्ही, बसा.”

“पुढच्या नाही, अण्णा. ह्याच.”

“अहो, तीनशे प्रती छापून झाल्यात! आता काय करणार?”

मी व्हरांड्यात गेले. हौसाताई माझ्यामागं आली. दोघींनी मिळून तीन नंबरची मशीन उचलली आणि आत आणून सरांच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवली. जड असते हो ती, लोखंडाची. टेबल करकरलं.

“बाई, त्या मशिनी विकल्यात मी!” अण्णा म्हणाले.

“शनिवारी. आज गुरुवार आहे.”

मी रोलरमध्ये तीन कागद घातले, मध्ये कार्बन, आणि उजवा समास कव्हरावर चिकटवायच्या चिठ्ठीएवढा आत ओढला. हौसाताईनं हळदी-कुंकवाच्या ताटातली कात्री उचलली, दुसरीनं डिंकाची बाटली आणली. कीर्तने मॅडम खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि कागद सरळ करून द्यायला लागल्या.

मला पुढचं सगळं माहीत होतं. झालंही तसंच. शनिवारी भंगारवाला आला आणि अण्णांनी मलाही निरोप दिला. फॉर्मवर त्यांची सही मिळाली नाही. मी शेजारच्या तालुक्याला जाऊन परीक्षा दिली, शंभरात एकाहत्तर मार्क पडले. एक प्रश्न होता, ‘ओळ संपल्यावर संगणक काय करतो?’ बरोबर लिहिलं मी. येत असूनही माझ्याच्यानं होत नाही, हे लिहायला तिथं जागा नव्हती. त्या अकराजणी मात्र अण्णांकडे परत गेल्या नाहीत. माझ्या पुढच्या खोलीत आधी एका, मग दोन कॉम्प्युटरवर शिकल्या, आणि त्यांच्या मागून पुष्कळजणी आल्या. सगळ्या मला एन्टरबाईच म्हणायच्या. मीही ओ द्यायचे.

पण ते सगळं नंतरचं. त्या गुरुवारी मी मशिनीसमोर बसले होते. एकवीस वर्षांत दुसऱ्यांचे अर्ज, दुसऱ्यांचे दाखले, दुसऱ्यांच्या सह्यांखालची नावं मी टाइप केली होती. स्वतःचं नाव टाइप करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी बोटं कळांवर ठेवली आणि सुरुवात केली. ‘लेखिका : मंदाकिनी यशवंत ताकभाते’. खटखट आवाज सगळ्या हॉलभर घुमला. शेवटच्या अक्षराला ओळ संपत आली, आणि मशिनीनं टिंग केलं.

पराग सरांनी दचकून मान वर केली.

मी डाव्या हातानं दांडी ढकलली आणि म्हटलं, “बघा सर, वाजते की नाही!”